बाल्डीच्या सोन्याचा मालक कोण?

एका उन्हाळ्यापुरतं मला १९००च्या आसपासच्या सोन्याच्या खाणीतलं माणूस व्हायचं होतं. जागा न्यू मेक्सिकोच्या उत्तरेकडची, सिमरॉन गावाजवळची. तिथे फिलमॉन्ट नावाचं स्काउटांचं रान आहे, साधारण १ लाख ४० हजार एकरांचं. आमच्या ताडोबाच्या कोअर क्षेत्रापेक्षा थोडंसंच लहान. तेलाच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या वेट फिलिप्स यांनी १९३८ आणि १९४१ मध्ये आपली इथली जमीन अमेरिकेच्या बॉय स्काउट संघटनेला देऊन टाकली. १९६३ मध्ये नॉर्टन क्लॅप यांनी बाल्डी डोंगराकडचा खाणींचा भाग विकत घेऊन त्यात भर घातली. शाळेत गाईड आणि कॉलेजात रेंजर असल्यामुळे माझी तिथे हंगामी नेमणूक झाली होती.

उन्हाळ्यात देशभरातून १४ वर्षांपुढची मुलंमुली इथे येतात. पाठीवर तंबू आणि शिधा बांधून कित्येक दिवस डोंगर तुडवतात. वाटेतल्या काही तळांवर त्यांना इतिहास भेटतो, आणि तो जुन्या काळचे कपडे घालून उभा असतो. कुठे कातड्यांसाठी शिकार करणारे, कुठे लाकूडतोडे. बाल्डीच्या उतारावर फ्रेंच हेन्री नावाचा तळ आहे, तिथे खाणवाले. मुलं ओढ्यात सोनं धुतात, लोहाराच्या भट्टीवर लोखंड तापवून ठोकतात आणि कुणाच्या तरी मागे मागे जुन्या बोगद्यात शिरतात. ते 'कुणीतरी' म्हणजे आम्ही.

पद्धत अशी की पात्र एकदा अंगावर चढवलं की उतरवायचं नाही. मुलांनी मोबाइल दाखवला तर तो काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. राष्ट्राध्यक्ष कोण विचारलं तर आपण सांगायचं, रूझवेल्ट, आणि तेही थिओडोर. नाव, गाव, बोटीने आलो की रेल्वेने, खाणीत काम काय, पगार किती, हे सगळं आपलं आपण वाचून ठरवायचं. मला वाटलं होतं अवघड भाग टोपी आणि उच्चारांचा असेल. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की प्रश्न वेगळा आहे: ज्या माणसाचं सोंग घेतोय त्याला जे माहीत नव्हतं, किंवा माहीत असूनही जे तो बोलला नसता, त्याचं काय करायचं?

आधी ती गोष्ट सांगते, जी सगळे सांगतात. १८६६च्या ऑक्टोबरात ब्रॉन्सन, किन्सिंगर आणि केली अशी तीन माणसं बाल्डीच्या पश्चिम उतारावर विलो क्रीक नावाच्या ओढ्याशी मुक्कामाला थांबली. आली होती तांब्यासाठी. केलीने गंमत म्हणून ओढ्यातली रेती धुतली आणि तळाशी पिवळे कण दिसले. हिवाळा तोंडावर आला होता. त्यांनी एका झाडावर खूण केली, गुपित ठेवायचं ठरवलं आणि परतले. गुपित अर्थातच राहिलं नाही. १८६७च्या वसंतात माणसांची रीघ लागली, डोंगराखाली एलिझाबेथटाउन उभं राहिलं, मूर यांच्या मुलीच्या नावावरून. दोनच वर्षांत नवीन कोलफॅक्स काउंटी निघाली आणि हे गाव तिचं मुख्य ठाणं झालं. आज तिथे पडक्या भिंती आहेत.

छान गोष्ट आहे. पोरं डोळे मोठे करून ऐकतात. तिच्यात एक परात आहे, एक नशीबवान माणूस आहे आणि ओढ्यात पडलेलं, कुणाचंच नसलेलं सोनं आहे. मला सगळ्यात आधी त्या 'कुणाचंच नसलेल्या' शब्दांनी अडवलं.

*

वाचायला जागा उत्तम होती. फिलमॉन्टच्या मुख्य तळावर संग्रहालय आहे, त्यात सीटन यांच्या नावाची लायब्ररी. प्रशिक्षण संपल्यावर संध्याकाळी मी तिथे जाऊन बसायची. पण खाणीबद्दलचं माझं पहिलं शिक्षण तिथलं नव्हे, चंद्रपूरचं. माझे मामा बल्लारपूरला कोळशाच्या खाणीत जमिनीखाली काम करून निवृत्त झाले. त्यांना व्हिडिओ कॉल करून मी माझी कातडी बुटं आणि गॅलिसची पँट दाखवली.

"तू तिथं काय करून राह्यली?" मामा म्हणाले.

"लोकांना खाण दाखवायची आहे, मामा. सोन्याची."

"चालू हाय का?"

"नाही. बंद पडून जमाना झाला."

"मग छत कोन ठोकून पाहते?"

हा प्रश्न मला कुठल्याच पुस्तकात सापडला नव्हता. मामांच्या खाणीत पाळीच्या सुरुवातीला छत काठीने ठोकून बघत. आवाज टणक आला तर ठीक. पोकळ, भदभद आला तर वरचा थर सुटलाय, तिथून निघायचं. "छत बोलते," मामा म्हणाले, "आयकाले पायजे." पुढे वाचताना कळलं की इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आलेले खाणकामगार बोगद्यात ठकठक करणाऱ्या बुटक्या भुतांवर विश्वास ठेवायचे. त्यांना टॉमीनॉकर म्हणत. ती ठोकतात म्हणजे इशारा देतात, अशी समजूत. जेवणातला एक घास त्यांच्यासाठी टाकायचा. आमच्या तळावर पोरांना सांगायला ही हुकमी गोष्ट. पण ती ठकठक कसली हे मामांनी आधीच सांगितलं होतं. दगडाचा आणि लाकडी टेकूंचा दाब सरकतो, तेव्हा ते आवाज करतात.

हे कॉर्निश लोक आपल्याकडेही आले होते बरं का. 'केजीएफ' बघून ज्यांना कोलार माहीत झालं त्यांच्यासाठी: कोलारच्या खाणी १८८०पासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने चालवल्या आणि तिथे साहेब-मुकादमांत कॉर्नवॉलचे बरेच होते. जमिनीखाली राबणारे मुख्यतः तमिळ मजूर, त्यांतले बहुसंख्य दलित. त्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या आणि २००१ मध्ये बंद पडल्या. कॉर्नवॉलचं कथील आणि तांबं बसल्यावर तिथली माणसं जगभर पांगली. अमेरिकेत त्यांना 'कझिन जॅक' म्हणत, कारण एकाला कामावर घेतलं की तो म्हणणार, माझा एक चुलतभाऊ आहे, त्यालाही बोलावतो. आपल्याकडच्या 'आमच्या गावचा आहे, साहेब' याचीच ती कॉर्निश आवृत्ती.

मामांचा दुसरा मुद्दा मेणबत्तीचा. कोळशाच्या खाणीत मिथेन असतो, तिथे उघडी ज्योत म्हणजे स्फोट. सोन्याच्या खाणीत कठीण दगड, तो धोका कमी, म्हणून तिथे मेणबत्तीवरच काम चाले. लोखंडी टोकदार खिळ्याला मेणबत्तीची कडी जोडलेली असायची. खिळा लाकडात खुपसायचा किंवा हूक दगडाच्या कंगोऱ्याला अडकवायचा, की झाला दिवा. मेणबत्त्या मोजून मिळत. नंतर कार्बाइडचे दिवे आले.

मी हे सगळं हातांनी शिकले, कारण ते मुलांना करून दाखवायचं होतं. एका हातात पोलादी पहारीचा तुकडा, दुसऱ्या हातात चार पौंडांचा हातोडा. ठोका मारायचा, पहार पाव फेरी फिरवायची, पुन्हा ठोका. फिरवली नाही तर ती भोकात अडकून बसते. अर्ध्या तासात माझं भोक माझ्या बोटाच्या पेराएवढं झालं आणि मनगट सुजलं. अशी खोल भोकं पाडायची, दारू ठासायची, वात पेटवून निघायचं आणि बाहेर उभं राहून बार मोजायचे. सात भरले आणि सहाच वाजले, तर पुढच्या पाळीतल्या कुणाच्या तरी हातोड्याखाली सातवा वाजू शकतो. पुढे हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं आली. भोकं भराभर पडू लागली, पण सुरुवातीच्या यंत्रांत पाणी नव्हतं. कोरड्या दगडाची बारीक भुकटी फुप्फुसात जाऊन बसायची. खाणकामगारांनीच त्या यंत्राला नाव ठेवलं होतं: विधवा करणारं.

एवढ्या कष्टाचे तेव्हा दिवसाला साधारण तीन डॉलर. सोन्याचा सरकारी भाव औंसाला २० डॉलर ६७ सेंट, आणि सोन्याचा औंस ३१.१ ग्रॅमचा. हिशेब केला तर दिवसाची मजुरी साडेचार ग्रॅम सोन्याएवढी. मी हा आकडा वहीत लिहिला आणि खाली प्रश्न लिहिला: बाकीचं कुठे गेलं?

*

ओढ्यातलं सोनं धुणं मात्र मला परकं वाटलं नाही. सराफ कट्ट्यावरची धूळ झाडून नेऊन ती पाण्यात धुणारे झारेकरी आपल्याकडे आहेत, आणि पूर्व विदर्भात नदीची रेती धुणारे सोनझारी. तत्त्व तेच. सोनं पाण्याच्या १९ पट जड, साधी रेती अडीच-पावणेतीन पट, तिच्यातली काळी लोहरेती पाच पट. परात पाण्याखाली धरून हलवली की जड ते खाली बसतं, हलकं वरून वाहून जातं. शेवटी काळ्या रेतीच्या कडेला एखादा पिवळा ठिपका उरतो. परात तिरपी केली की तो जागचा हलत नाही. जो हलतो, तरंगतो आणि फार चमकतो, तो अभ्रक. मुलांना हे सांगितलं तरी दर दुसरा मुलगा अभ्रक घेऊन धावत येतो.

पण परातीने माणूस श्रीमंत होत नाही. दिवसभरात किती रेती धुणार? पोटापुरतं हवं असेल तर लाकडी पन्हळी लावाव्या लागतात आणि त्यांतून सतत पाणी सोडावं लागतं. एलिझाबेथटाउनच्या ओढ्यांना एवढं पाणीच नव्हतं. बर्फ वितळेपर्यंत धो धो, नंतर कोरडं. सोनं होतं, पाणी नव्हतं. मराठवाड्यातल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगायला नको.

मग १८६८ मध्ये एक कंपनी निघाली आणि कॅप्टन डेव्हिस या इंजिनियरच्या देखरेखीखाली रेड रिव्हरच्या उगमाकडून पाट खणायला सुरुवात झाली. सरळ रेषेत अंतर ११ मैलांचं, पण डोंगरांच्या कडेकडेने उतार सांभाळत पाट गेला ४१ मैल, म्हणजे ६६ किलोमीटर. दऱ्यांवरून लाकडी घोड्यांवर पन्हळी उभारल्या. खर्च दोन लाख डॉलरच्या वर. १८६९च्या उन्हाळ्यात पाणी पोहोचलं, आणि अपेक्षेच्या मानाने फारच थोडं पोहोचलं. बाकीचं वाटेत गळालं, मुरलं, उडालं. तरी जे आलं ते मोजून विकलं गेलं. ओढ्यात उभ्या राहिलेल्या त्या स्वतंत्र, नशीब आजमावणाऱ्या माणसाला आता पाटकऱ्याला पैसे मोजावे लागत होते.

पाटात पैसे घालणाऱ्यांत एक नाव होतं लुसियन मॅक्सवेल. आणि ओढ्याखालची जमीनही त्याचीच होती.

इथे माझ्या सगळ्या तयारीला वेगळं वळण लागलं. १८४१ मध्ये, हा मुलूख मेक्सिकोचा असताना, गव्हर्नर आर्मिहो यांनी बोबियन आणि मिरांडा या दोघांना एक सनद दिली. मॅक्सवेल हा बोबियनचा जावई. सासरचा वाटा आला, इतरांचे हिस्से त्याने विकत घेतले. सनदेत सीमा होत्या त्या आपल्या जुन्या दस्तांसारख्या, अमक्या नदीपासून तमक्या डोंगराच्या धारेपर्यंत. मेक्सिकन कायद्याप्रमाणे एका माणसाला फार तर ११ चौरस लीग जमीन देता यायची, म्हणजे दोघांची मिळून ९७ हजार एकरांच्या आसपास. प्रत्यक्षात १८७९ मध्ये अमेरिकन सरकारने मोजून जो कागद दिला, त्यावरचा आकडा होता १७ लाख १४ हजार एकर. बाल्डी डोंगर, ओढे, सोनं, एलिझाबेथटाउन, सगळं त्यात.

केलीने रेती धुतली तेव्हा ते सोनं 'कुणाचंच नव्हतं' असं नव्हतं. मॅक्सवेलने खाणवाल्यांना हाकललं नाही, भाडं लावलं. पहिल्या मोठ्या खाणीत, अ‍ॅझ्टेकमध्ये, स्वतःची भागी ठेवली. १८७० मध्ये त्याने सगळी जहागीर साडेसहा लाख डॉलरला विकली आणि घेणाऱ्यांनी थोड्याच दिवसांत ती इंग्रज भांडवलदारांना साडेतेरा लाखांना दिली. मॅक्सवेल निदान समोर दिसायचा, त्याच्याशी भांडता यायचं. नवी कंपनी म्हणाली, भाडं वाढवा, नाहीतर निघा. वर्षानुवर्षं इथे राहणाऱ्या मेंढपाळांना आणि शेतकऱ्यांनाही तेच. त्यांच्यातले बरेचजण स्पॅनिश बोलणारे, तोंडी शब्दावर जमीन कसणारे. आपल्याकडे ज्यांचं नाव सातबारावर कधी चढलंच नाही, तसे. १८७५च्या सप्टेंबरात कंपनीविरुद्ध बोलणाऱ्या फ्रँकलिन टॉल्बी या पाद्र्याचा सिमरॉनच्या घाटात खून झाला आणि पुढची काही वर्षं या भागात खुनाखुनी चालली. कोलफॅक्स काउंटीचं युद्ध म्हणतात तिला. १८८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. सनद खरी, १७ लाख एकर खरे.

या युद्धातले बंदूकवाले पुढे कथा-कादंबऱ्यांत गेले. त्यांच्याबद्दल विचारलं तर मी सांगायचे, पण कंटाळून. कोणी कुणाला कुठल्या दारूच्या गुत्त्यात गोळी घातली, यापेक्षा ती का घातली हे कितीतरी जास्त रंजक आहे, आणि त्याचं उत्तर जवळजवळ दर वेळी एका कागदापाशी जातं.

*

अडचण पुढेच आहे. १९०५च्या खाणकामगाराच्या तोंडी हे कसं घालायचं? तो दिवसभर दगड फोडतो. त्याला मेक्सिकन कायद्यातले लीग ठाऊक असायचं कारण नाही. शिवाय मी बाई. बोगद्यात बाई आली की अपशकुन, ही समजूत कॉर्निश लोकांची आणि इतर बऱ्याच जणांची. हसण्यावारी नेऊ नका. आपल्या १९५२च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखाली कामाला बंदीच होती आणि सरकारने अटी घालून ती २०१९ मध्ये शिथिल केली. मामांच्या खाणीत मी पाहुणी म्हणूनही कधी उतरले नाही.

तळावर यावर काही आडकाठी नव्हती. कुणीही खाणकामगार व्हावं, पँट चढवावी. पण मला दुसरं सुचलं. त्या काळात कचेऱ्यांत हिशेब लिहिणाऱ्या बायका अमेरिकेत सर्रास होत्या. मी खाणीची हिशेबनीस व्हायचं ठरवलं. हजेरी तिच्याकडे, मेणबत्त्यांची मोजदाद तिच्याकडे, पाणीपट्टी, भाडं, दुकानाची उधारी तिच्याकडे. तिला कागद माहीत असणं हीच तिची नोकरी. हातोडा मारून दाखवायला बाकीचे होते. मीही मारायचे, पण 'काल तुमच्यातला एक आला नाही, म्हणून' असं म्हणत.

आमच्यातला एक जुना सहकारी, तीन उन्हाळे काढलेला, साशंक होता. त्याचं म्हणणं मला आजही चुकीचं वाटत नाही. "ही पोरं सकाळपासून दहा मैल चालून आली आहेत," तो म्हणाला. "पायाला फोड आलेत. त्यांना थंड पाण्यात हात घालायचेत आणि सोनं बघायचंय. तू त्यांना जमिनीचे दस्त वाचून दाखवणार?"

मी म्हटलं, वाचून नाही दाखवणार. त्यांच्याकडूनच वसूल करणार.

आम्ही असं बसवलं. तुकडी ओढ्यावर आली की हा सहकारी त्यांना धुवायला शिकवायचा, अगदी मनापासून, केलीची गोष्ट सांगत. कुणाला कण सापडला की आरडाओरडा, टाळ्या. तेवढ्यात मी चोपडी घेऊन यायची. अभिनंदन करायची आणि म्हणायची, हा पहिला कण पाटाच्या कंपनीचा. कारण पाणी त्यांचं. मुलं हसत द्यायची. दुसरा कण जमिनीच्या मालकाचा. आता कपाळावर आठी. तिसरा दुकानाचा, या पराती काय फुकट आल्या? चौथ्या कणाला हमखास कुणीतरी लपवायला बघायचं, आणि बाकीचे त्याला सामील व्हायचे. मग मी विचारायची, वाटा न देता धुवायचं असेल तर काय कराल? टेक्ससच्या एका तुकडीने तिथल्या तिथे संप केला आणि पराती उपड्या घालून माझ्यासमोर बसली. एका मुलाने विचारलं, मालकाकडे जमिनीचा कागद आहे का? मी म्हटलं, आहे. त्याने विचारलं, त्याला कुणी दिला?

त्या प्रश्नासाठीच तर सगळा खटाटोप होता. त्यावर गव्हर्नर आर्मिहो, जावई, लंडनची कंपनी, सगळं पाच मिनिटांत सांगता यायचं, आणि मुलं ऐकायची, कारण आता त्यांचे कण अडकलेले असायचे. वाट्यांचे हे दर मी सोयीसाठी ठरवले होते, कुठल्या चोपडीतून उचललेले नव्हते. पाणीपट्टी, भाडं आणि उधारी या तीन गोष्टी मात्र तिथल्या खऱ्या.

*

एक जागा तरीही उरत होती. केली आणि त्याचे सोबती तांब्यासाठी आले होते असं वर म्हटलं. त्यांना तांब्याचं कुणी सांगितलं? फोर्ट युनियन या लष्करी ठाण्यावर एका यूट माणसाने हिरवट झाक असलेले दगड आणले होते. तिथल्या लोकांना ते तांबं आहे हे कळलं, त्यांनी त्याला जागा दाखवायला लावली. बाल्डीच्या माथ्याजवळची ती जागा. म्हणजे सगळ्या गोष्टीची सुरुवात त्याच्यापासून. झाडावर खूण करणाऱ्या तिघांची नावं इतिहासात आली, याचं नाव 'एक यूट'.

हे डोंगर यूट आणि हिकारिया अपाची लोकांच्या येण्याजाण्याचे, शिकारीचे. सनद देताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मॅक्सवेलच्या काळात सिमरॉनला त्यांच्यासाठी सरकारी ठाणं होतं. शिकारीची जनावरं कमी झाल्यावर ते लोक मॅक्सवेलच्याच दगडी गिरणीतून शिधा न्यायचे. गिरणी अजून उभी आहे, आता तिथे संग्रहालय आहे. १८७६ मध्ये ते ठाणं बंद झालं आणि पुढच्या काही वर्षांत यूट लोकांना कोलोरॅडोत धाडलं गेलं. हिकारिया लोकांना बरीच भटकंती होऊन १८८७ मध्ये डल्सीकडे राखीव जमीन मिळाली. तेच वर्ष, सनदेच्या निकालाचं.

१९०५ची हिशेबनीस यातलं काय बोलली असती? खरं सांगायचं तर काहीच नाही, किंवा ऐकवणार नाही असं काहीतरी. तिच्या तोंडी मी माझ्या काळाचा कळवळा घातला असता तर ते खोटं झालं असतं. आणि गप्प बसले असते तर मुलं अशी समजूत घेऊन खाली उतरली असती की १८६६च्या आधी इथे फक्त अस्वलं होती. दोन रात्री मी यावर त्या सहकाऱ्याशी वाद घातला. तो म्हणाला, बोगद्याबाहेर आल्यावर टोपी काढ आणि स्वतःच्या आवाजात सांग. काही तुकड्यांना मी तसं सांगितलंही. ते ठीक जायचं. पण टोपी काढली की मुलं पाण्याच्या बाटल्या भरायला उठायची. नाटक संपलं, आता भाषण.

शेवटी चोपडीतच जागा केली. पहिल्या पानावर मी १८६६पासूनचे देणेकरी-घेणेकरी लिहिले: ब्रॉन्सन, किन्सिंगर, केली, मॅक्सवेल, पाटाची कंपनी, इंग्रज कंपनी. सगळ्यांत वर पहिली ओळ: 'जागा दाखवल्याबद्दल'. नावाचा रकाना कोरा, रकमेचा कोरा. चोपडी उघडी ठेवून मी वसुली करायची, मुलांना ती दिसेल अशी. कित्येक तुकड्यांनी पाहिली नाही. काहींनी पाहिली, विचारलं नाही.

जुलैच्या मध्यावर पावसाने ओढा गढूळ झालेला असताना एका मुलीने विचारलं. कुणाचं नाव राहिलंय?

"ज्याने डोंगर दाखवला त्याचं," मी म्हणाले. "तो यूट होता."

"नाव काय त्याचं?"

"कुणी लिहून ठेवलं नाही."

"मग हे बाकीचे पैसे कसे घेतात?"

मी हिशेबनीसच होते. म्हणाले, त्यांच्याकडे कागद आहे. तिने हातातला कण माझ्या चोपडीवर ठेवला, कोऱ्या रकान्यात, आणि बोटाने दाबला. ओल्या कागदाला तो चिकटला. तिच्या तुकडीतला एकजण म्हणाला की अशाने भाडं कमी पडेल, दुसरा म्हणाला पडू दे, आणि त्यांचं आपापसांत जुंपलं. माझा सहकारी त्यांना बोगद्याकडे न्यायला आला तरी ते थांबेनात. त्याने मेणबत्त्या मोजून वाटल्या, बोगद्याच्या तोंडाशी काठीने छत ठोकलं, आणि तेव्हा कुठे ते ऐकायला गप्प झाले.